बशीने झाकलेले डबे

४ मार्च, बुधवार

फ्रिजमध्ये कंडेन्स्ड मिल्कचे तीन डबे. तिन्ही उघडे, प्रत्येकावर एक बशी पालथी. प्रत्येकातून जेमतेम दोन चमचे काढलेले. बाकी सगळे शिल्लक — पिवळसर, घट्ट, वर पापुद्रा धरलेले.

सोमवारी एक होता. त्याला मी घटना म्हटले. काल दोन झाले, त्याला योगायोग म्हणता आले. तिसऱ्याला काय म्हणावे? तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, असे विद्यार्थ्यांना आयुष्यभर बजावत आलो. तो आक्षेप आज प्रथमच मला माझ्या सोयीचा वाटला, आणि म्हणूनच संशयास्पदही.

बायकोला विचारले, "तीन डबे कशाला उघडलेस?"

"केक करायचाय."

"मग केला का नाहीस?"

चमचा हातात धरून ती ओट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मधे मधे बोलता, आणि माझं राहून जातं."

वाद तिथे संपला. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो आणि ती ग्रंथालयात पुस्तके देण्याच्या खिडकीवर बसत होती, तेव्हापासून हेच चालत आले आहे. मी पाच वाक्ये बोलतो, ती एक बोलते, आणि जिंकते ती.

परंतु केक राहून गेला तो माझ्या बोलण्यामुळे नव्हे. दोन चमच्यांनंतर पुढे काय करायचे, हे तिला आठवत नाही.

५ मार्च, गुरुवार

चौथा डबा.

खालच्या दुकानात गेलो. दुकानदारीण बाई मला पाहताच म्हणाल्या, "सर, मावशी आत्ताच डबा घेऊन गेल्या. लेक येणार म्हणत होत्या. कधी येतेय?"

"यापुढे त्यांना तो डबा देऊ नका."

"का? खराब निघाला का? आणा की, बदलून देते."

"खराब नाही."

"मग? उद्या मावशी विचारतील, का गं देत नाहीस? तेव्हा मी काय सांगू?"

प्रश्न रास्त होता. कारणाशिवाय निष्कर्ष मागणारा माणूस मीच कधी वर्गात बसू दिला नसता. कारण माझ्याजवळ होते. ते त्या फळीवर, साबण आणि मेणबत्त्यांच्या शेजारी, मांडायची माझी तयारी नव्हती.

"काही नाही," म्हणालो, आणि नको असलेला बिस्किटांचा पुडा घेऊन वर आलो.

६ मार्च, शुक्रवार

कॉफीत तीन चमचे घालून पाहिले. कॉफी उरली नाही, पाक झाला. प्यालो.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. ती नगरपालिकेसाठी हॉटेलांची स्वयंपाकघरे तपासते. आमच्याकडे आली तरी अंगातला कोट काढण्याआधी फ्रिज उघडते. हा आता घरातला विनोद झाला आहे. गेल्या महिन्यात ती इथे असतानाच तिच्या आईने किटली कोरडी चढवली आणि किटलीचे बूड वितळून शेगडीला चिकटले. त्या दिवशी कुणी विनोद केला नाही.

"बाबा, खरं सांगा. त्यानंतर काही झालं?"

"नाही."

"नक्की?"

"मी कधी मोघम उत्तर देतो का?"

असत्याला माझ्या प्रतिष्ठेचा टेकू दिला. तो तिने मानला.

मग निवासाविषयी बोलली. टेकडीवर विस्मरण झालेल्यांसाठी एक निवास आहे. तिथे आईसाठी तिने जागा धरून ठेवली आहे. "मी आईला घालवत नाहीये, बाबा. पण उद्या गॅस चालू राहिला तर?" बावीस तारखेला येते म्हणाली. तेव्हा घर बघेल आणि ठरवेल.

मी विचारले, "मला तिच्याबरोबर तिथे राहता येईल का?"

"विचारलं मी. जोडप्यासाठी एक खोली आहे तिथे. पण दोघांनाही तोच आजार असेल तरच. त्या मजल्याची दारं आतून उघडत नाहीत ना, धडधाकट माणसाला ते ठेवूनच घेत नाहीत." आणि मग हसून: "तुम्ही तर माझ्यापेक्षा तल्लख आहात."

कौतुकाने म्हणाली. मी आभार मानले.

म्हणजे बावीस तारखेपर्यंत या घरात काही घडत नसल्याचे दिसले पाहिजे. डबे हा पुरावा आहे. तो खाऊन संपवता येतो, एवढीच त्यातली जमेची बाजू.

९ मार्च, सोमवार

ती अंघोळीला गेली असताना चार डबे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये रिकामे केले. वर गरम पाणी सोडले. पाणी उतरले नाही.

१० मार्च, मंगळवार

नळ दुरुस्त करणारा आला. सिंकखाली आडवा झाला, वाकडा पाइप सोडवला आणि आतला ऐवज बोटावर घेऊन बघत बसला.

"काका, काय ओतलंत हे?"

"दूध."

"दूध असं बसत नाही."

"आटवलेलं होतं."

"किती?"

"चार डबे."

त्याने सिंकखालून डोके बाहेर काढले. "पार्टी होती का?"

ती दारात उभी होती. "कसली पार्टी! मी अंघोळीला गेले की यांचे असले उद्योग. लेकीसाठी ठेवलेलं सगळं ओतून टाकलं."

"होतं असं वय झालं की, मावशी," तो समजुतीने म्हणाला. "आमचे वडील तर चपला फ्रिजमध्ये ठेवायचे. यांच्यावर लक्ष ठेवा."

"तेच तर करते दिवसभर," ती म्हणाली.

माझ्या बचावासाठी एकच वाक्य पुरेसे होते. ते तिच्यासमोर बोलता येत नव्हते. मी फडके आणून फरशी पुसली.

१२ मार्च, गुरुवार

दोन नवे डबे. टाकता येत नाही, खाववत नाही — माझी स्वतःची साखर काठावर आहे — तेव्हा रूपांतर करून वाटणे हा तिसरा पक्ष उरतो. टॉफी करायचे ठरवले. जुन्या मासिकातली कृती समोर ठेवली. लोणी, दूध, मंद आच. "मिश्रण कडा सोडू लागेपर्यंत ढवळावे." कडा सोडू लागणे म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कुठेही नाही. बोट भाजले. मिश्रणाने कडा सोडल्या नाहीत, उलट धरल्या.

तिने माझ्या हातातले उलथने काढून घेतले. "सरका. तुम्ही काय त्याची परीक्षा घेताय?"

आणि ढवळू लागली. मनगट सैल, वेग एकसारखा. मधेच तिने वाटीत गार पाणी घेतले, उलथन्यावरचा एक थेंब त्यात सोडला, दोन बोटांत दाबून पाहिला, पुन्हा ढवळले, पुन्हा थेंब सोडला. "आता," म्हणाली आणि गॅस बंद केला. ताटाला लोणी लावले, मिश्रण थापले, सुरीने सरळ रेघा पाडल्या. एकही चौकोन लहानमोठा नाही. मी बाजूला उभा होतो. तिच्यात काही बिघडलेलेच नाही, अशी प्रतिज्ञा त्या क्षणी मी कुणाहीसमोर मांडली असती आणि सिद्धही केली असती.

टॉफी निवल्यावर तिने एक तुकडा तोंडात टाकला. "छान झालीय," म्हणाली. "कुणाकडून आली?"

वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना — त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या, पण हाक तीच राहिली — डबा भरून नेऊन दिला.

"सर, तुम्ही आणि टॉफी?" त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला चालते का?"

"मी खात नाही, वाटतो."

"आणि मावशी बऱ्या आहेत ना?"

"उत्तम."

"जिन्यात भेटल्या होत्या परवा. मला म्हणाल्या, तुमच्या आईला नमस्कार सांगा." त्या थांबल्या. त्यांच्या आईला जाऊन बरीच वर्षे झाली, हे दोघांनाही माहीत होते. "सर, काही लागलं तर हाक मारा."

मी मान डोलावली. सहानुभूतीचे खंडन करता येत नाही.

१४ मार्च, शनिवार

रिकाम्या डब्यांचा प्रश्न मी आधी विचारात घेतला नव्हता. इमारतीत कचऱ्याची पेटी सामाईक आहे. तिच्यात रोज तोच डबा पडलेला सिस्टरना दिसेल, दुकानदारीण बाईंनाही. म्हणून डबे धुतो, पुसतो आणि माझ्या पुस्तकांमागे उभे करतो. सध्या ते हेत्वाभासांवरच्या ग्रंथांमागे आहेत. जागा योग्यच आहे.

दुपारी फ्रिजसमोर उभा राहून डब्यातूनच चमच्याने खात होतो. घशाखाली उतरत नव्हते; उतरवत होतो. मागून आवाज आला.

"अहो, लहान मुलासारखं चोरून काय खाता? मागितलं तर मी देत नाही का?"

वळलो. ती हसत होती. मलाही हसू आले. मग तिने पदराने माझ्या मिशीला लागलेले दूध पुसले आणि म्हणाली, "तिच्यासाठी थोडं ठेवा हं. शाळेतून भुकेली येते."

लेकीचे केस पिकू लागले आहेत.

मी म्हणालो, "ठेवतो."

१७ मार्च, मंगळवार

आज डबा उघडला गेला नाही. ओपनर मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. इतका सोपा उपाय इतक्या उशिरा सुचावा, याची लाज वाटते.

१८ मार्च, बुधवार

तिने सुरीने डबा उघडला.

मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ओरडणे नाही, काही नाही. आत गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती, डावा तळवा कापलेला, दुधात रक्त उतरत होते आणि ती चमच्याने ते बाजूला सारत होती. "थांबा हो, एवढं होऊ दे," म्हणाली.

सिस्टरना हाक मारली. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली. टाके लागले नाहीत.

"सुरीने का उघडायचा, मावशी?"

"ओपनर सापडेना. म्हणून काय पोरीला उपाशी ठेवू?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "कुठे गेला ओपनर?"

"माझ्या कपाटात."

"कपाटात कसा गेला?"

"मी ठेवला. कुलूप लावून."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. रुग्णाकडे पाहावे तसे. "सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बरे आहात ना?"

ओपनर जागेवर ठेवला. त्या रक्त उतरलेल्या डब्याचे काय करावे ते मला सुचले नाही. तो मी खाऊ शकलो नाही. बागेत नेऊन पुरला — खुरपे नव्हते म्हणून चमच्याने.

२१ मार्च, शनिवार

सर्व संपले. शेवटचा डबा आज ब्रेडला लावून संपवला. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. मळमळते आहे. फ्रिज सोड्याने धुतला. बशा कपाटात रचल्या.

उद्याची मांडणी तयार आहे. प्रतिज्ञा: तिने याच घरात राहावे. हेतू: ओळखीच्या जागेत तिचे हात अजून काम करतात. दृष्टांत: टॉफी. तळव्याच्या पट्टीचा प्रश्न निघेल. कुणाचाही हात कापू शकतो, हे उत्तर. किटलीचा प्रश्न निघेल; गॅसचा कॉक बंद ठेवेन, हे उत्तर. प्रतिपक्षाचा एकही आक्षेप अनुत्तरित नाही.

युक्तिवाद इतका निर्दोष झाला की मलाच त्याची भीती वाटते आहे.

२२ मार्च, रविवार

लेक आली. कोट न काढता फ्रिज उघडला. आतला दिवा तिच्या चेहऱ्यावर पडला. तिने कप्प्याच्या कडेवरून बोट फिरवले.

"बाबा, हा कुणी धुतला?"

"मी."

"कशासाठी?"

"स्वच्छतेसाठी."

"मी रोज स्वयंपाकघरं बघते," ती म्हणाली. "इतका स्वच्छ फ्रिज मी येणार हे कळल्यावरच होतो."

मी प्रतिज्ञेला आरंभ केला. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो असेन. तिच्या आईने तिचा हात धरला आणि तिला माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे नेले. तीन ग्रंथ बाजूला केले. मागे डबे चकाकत होते — धुतलेले, पुसलेले, ओळीत.

"हे बघ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसभर गोड दूध खातात. चमच्याने, उभ्याने. सिंकमध्ये ओततात. ओपनर कुलपात ठेवतात. परवा तर बागेत खड्डा करत होते. मी सांभाळून घेते, पण माझंही वय झालंय ना?"

त्यातले एकही विधान खोटे नव्हते.

लेक माझ्याकडे बघत राहिली. "बाबा?"

तेवढ्यात तिची आई ओट्याकडे वळली होती. खालच्या कपाटातून नवाच डबा काढला, ओपनर लावला, पट्टी बांधलेल्या हाताने फिरवला. दोन चमचे काढले. थांबली. मग आमच्या लेकीकडे पाहून, पाहुण्यांशी बोलावे तशा आवाजात म्हणाली, "बसा ना, उभ्या का? माझी मुलगी येईलच आता शाळेतून."

लेक बसली. कोट अंगातच होता.

माझी मांडणी तिथे संपली. तिच्या आईने डब्यावर बशी झाकली, तो फ्रिजमध्ये ठेवला आणि आमच्यात येऊन बसली, समाधानाने.

नंतर जिन्यात लेक म्हणाली, "शुक्रवारी निवासातले डॉक्टर आईला तपासतील. आता नाही म्हणू नका. तुम्हाला रोज भेटायला जाता येईल, चार ते सहा." दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळली. "आणि बाबा, ते डबे पुस्तकांमागे का होते?"

उत्तर तयार होते. संपूर्ण, सुसंगत, सत्य. त्यातून मी पुरता निर्दोष सुटलो असतो. दिले नाही.

"शुक्रवारी तुम्हीही डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "माझ्या समाधानासाठी."

२४ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. आईचे कोणते कपडे द्यायचे, कशावर नाव शिवायचे, ते सांगत होती. मी मध्येच विचारले, जोडप्याची ती खोली गेली का.

"नाही, रिकामीच आहे. का हो?"

"सहज."

कपाटासमोर बसून तिच्या साड्या काढत होतो. ती येऊन शेजारी बसली. "कुठे निघालोय आपण?" तिने विचारले.

आपण, म्हणाली.

फ्रिजमध्ये पुन्हा दोन डबे. आज एकही चमचा खाल्ला नाही. आता ते लपवण्याचे प्रयोजन उरले नाही.

२७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी दोघांनाही तेच सांगितले: घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा. आधी ती. वर्तुळ काढले, सगळे आकडे उजवीकडे दाटीने भरले, बारापुढे तेरा लिहिले, काटे काढलेच नाहीत. पेन्सिल मला दिली. तिचा कागद टेबलावर तसाच होता.

आयुष्यभर परीक्षागृहांतून फिरलो. कागदावरून मान वर करणाऱ्याला कधी क्षमा केली नाही. आज दुसऱ्याच्या कागदात बघून लिहिले. ओळीने, तेरापर्यंत. काटे काढले नाहीत.

लेक समोरच उभी होती. माझी नजर कुठे जाते आहे ते तिने पाहिले. मग ती खिडकीकडे वळली, आणि मी पेन्सिल खाली ठेवीपर्यंत बाहेरच बघत राहिली.